सत्तेचाळीस नंबरचं इंजिन आणि अठ्ठेचाळीस घरांचं पाणी

आमच्या सोसायटीतल्या अठ्ठेचाळीस घरांचं पाणी मी एका खेळण्यातल्या इंजिनासाठी तोडलं, असं लोक सांगतात. हे साफ खोटं आहे. ते इंजिन खेळण्यातलं नव्हतं.

ते माझ्या वडिलांचं. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, भुसावळकडे, कोळशाच्या इंजिनावर. रिटायर झाले तेव्हा त्यांच्या एका साहेबांनी त्यांना हे परदेशी मॉडेल भेट दिलं. वीतभर लांब, पण चाकापासून चिमणीपर्यंत सगळं जिथल्या तिथं. रंग तेवढा हिरवा होता. "हिरवं इंजिन? पोपट आहे काय?" असं म्हणून बाबांनी ते काळं रंगवलं आणि बारीक ब्रशनं त्यावर आकडा काढला : ४७. त्यांच्या खऱ्या इंजिनाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे. तेव्हापासून बोरीवलीच्या आमच्या हॉलमध्ये दिवाणाशेजारी एक मोठी प्लायवूडची फळी, त्यावर गोल रूळ आणि रुळावर सत्तेचाळीस. आमच्याकडे येणारे पाहुणे पाय आखडून बसतात. सत्तेचाळीसला अजून कोणी पाय आखडायला सांगितलेलं नाही.

पुढे बाबांना मुलुंडचे एक हौशी गृहस्थ भेटले आणि त्यांनी इंजिनाच्या पोटात डिकोडर बसवून दिला. डिकोडर म्हणजे नखाएवढी हिरवी पट्टी. रुळातून वीज येते आणि त्याच विजेबरोबर हुकूमही येतात : पुढे चल, दिवा लाव, शिट्टी मार. प्रत्येक हुकुमाच्या आधी इंजिनाचा नंबर असतो. आपल्या नंबराची हाक आली की डिकोडर ऐकतो, दुसऱ्याच्या नंबराची आली की ढिम्म बसतो. मी हे बाबांना पाऊण तास आकृती काढून समजावलं होतं. (मी मालाडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पाऊण तासाच्या आत मला काहीच समजावता येत नाही.) बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आत एक छोटा फायरमन बसवलाय. सरळ सांग ना!"

आता खऱ्या फायरमनबद्दल. बाबांबरोबर अठरा वर्षं ज्यांनी भट्टीत कोळसा टाकला ते सोनवणेकाका. कल्याणला राहायचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती आणि आता मुलगी त्यांना कायमचं नागपूरला नेणार होती. सोमवारची गाडी. त्याआधी रविवारी चार वाजता ते बाबांना भेटायला येणार होते. दोघांचीही ऐंशी उलटलेली, बोरीवली आणि नागपूर म्हणजे आता दोन वेगळे ग्रह. ही शेवटचीच भेट, हे दोघांना माहीत होतं आणि दोघंही ते फोनवर बोलत नव्हते.

"उस्ताद, सत्तेचाळीस आहे ना अजून?" काकांचा आवाज फोनमधून हॉलभर ऐकू आला.

"आहे म्हणजे? ये तू. शिट्टी ऐकवतो."

"बघता तर यायचं नाही मला."

"बघायला कोण बोलावतंय तुला? ऐकायला ये!"

फोन ठेवल्यावर बाबांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर टांगला. तो दिवस बुधवार होता!

आणि फोननंतर तासाभरातच, त्याच सकाळी, सत्तेचाळीसनं मान टाकली. बाबांनी कंट्रोलरवर नंबर लावला, चाक फिरवलं. इंजिन चार बोटं पुढे गेलं, घर्र केलं, दिवा लुकलुकला आणि थांबलं. पुन्हा चार बोटं. पुन्हा घर्र. शिट्टीचं बटण दाबलं तर उचकीसारखा आवाज आला.

मी लांबूनच निदान केलं. "डिकोडर गेला."

"आधी चाकं बघ," बाबा म्हणाले.

"बाबा, हे डिजिटल आहे. यात चाकं-बिकं बघत नाहीत."

"मग हे चालतं कशावर? तुझ्या डिग्रीवर?"

माझी बायको दर्शना स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, बाबा म्हणतायत तर बघ ना चाकं!" मी बघितली नाहीत. का, ते विचारू नका. चोपन्न वर्षांच्या माणसाला बापाचं ऐकायला लाज वाटते, हे एकच कारण आहे, आणि ते फिजिक्सच्या पुस्तकात नाही.

त्याऐवजी मी डिकोडरचं एकशेबारा पानांचं माहितीपुस्तक डाउनलोड केलं. दुपारी जेवून, ते वाचत वाचत सहज बटण दाबलं, तर सत्तेचाळीस मस्त धावायला लागलं! फेरीवर फेरी. शिट्टीसुद्धा खणखणीत. मी काहीही केलं नव्हतं, तरी कॉलर ताठ केली. गुरुवारी सकाळी पुन्हा चार बोटं आणि घर्र. गुरुवारी दुपारी पुन्हा झकास. सकाळी आजारी, दुपारी ठणठणीत. असा आजार मी आजवर फक्त विद्यार्थ्यांमध्ये पाहिला होता.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. सकाळी काय असतं जे दुपारी नसतं? सोसायटीचा पाण्याचा पंप! पंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की डिकोडर गोंधळतो. मी घरात सगळ्यांना हे पाऊण तास समजावलं. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या मनोरीच्या कोळीवाड्यातल्या, मालाडच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकलेल्या. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये लेकीकडे आल्या होत्या. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नाही. घरातली प्रत्येक वस्तू त्या रोज पुसायच्या. माझं पंपाचं व्याख्यान त्यांनी वाटाणे सोलत ऐकलं आणि म्हणाल्या, "जावयबापू, तुमी शिकलेली मानसं. मना काय ठावं?" मला ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी वॉचमनला सांगितलं, "पंप दहा मिनिटं बंद ठेव. मी सांगितलं की चालू कर." वर येऊन इंजिन दोन्ही तळहातांत धरून बसलो. जानेवारी होता, नॅशनल पार्ककडून गार वारा येत होता, इंजिन हाताला थंडगार लागत होतं. पंपाची घरघर थांबेपर्यंत मी ते मांडीशी धरून, हातानं चोळत बसलो होतो. घरघर थांबली. इंजिन रुळावर ठेवलं. बटण दाबलं.

धावलं! सकाळी सात वाजता, शिट्टी मारत!

"बाबा! पंप! बघा, पंपच होता!" मी हॉलमध्ये नाचलो. खरंच नाचलो. मग चहा झाला. मग मी मुलुंडच्या त्या गृहस्थांना फोन करून माझा शोध सांगितला. ते "अच्छा... अच्छा..." म्हणत होते, तेव्हा दाराची बेल वाजली.

दारात सेक्रेटरी मेहताभाई. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, एक डोळा घट्ट मिटलेला.

"मिलिंदभाई, वॉचमन बोलतो की पंप तुमच्या ऑर्डरनी बंद छे?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटांचे सव्वा दोन तास झाले होते.

"वरची टाकी खाली! आखी सोसायटी साबणात उभी आहे! पंपाला काय झाला?"

"पंपाला काही नाही," मी म्हणालो, "इंजिनाला..." आणि माझ्या पाठीमागे हॉलमध्ये सत्तेचाळीसनं ऐटीत शिट्टी मारली.

मेहताभाईंनी उघड्या डोळ्यानं आधी इंजिनाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर बाकीच्यांनी ते केलं.

शनिवारी सकाळी मेहताभाई स्वतः खुर्ची टाकून पंपाच्या खोलीसमोर बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची दाराला आणखी चिकटवली. इकडे सत्तेचाळीस पुन्हा चार बोटं आणि घर्र. एका दिवसाचा प्रश्न होता. बाबा येता-जाता खुर्चीवरच्या शर्टाची कॉलर सरळ करत होते. त्यामुळे मला जास्तच घाम फुटला.

मी माहितीपुस्तक उघडलं. पान त्र्याहत्तर : सगळं बिनसलं असेल तर कंट्रोलरवरून डिकोडरच्या स्मृतीतल्या आठव्या खणात आठ आकडा लिहा, डिकोडर कारखान्यातून आला तसा होईल. खाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. बारीक अक्षर वाचायला माझा चष्मा आत होता. मी आठात आठ लिहिला. इंजिनानं एक आचका दिला, दिवा एकदा लागला आणि विझला.

त्यानंतर काहीच नाही. चार बोटं नाहीत, घर्र नाही, उचकी नाही. अकरा वाजले, बारा वाजले. जी दुपार रोज इंजिनाला बरं करायची, तिनंही हात टेकले.

"झालं तुझं?" बाबांनी विचारलं.

"आतून बघावं लागेल," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढे आहे.

मी स्क्रू काढले, वरचं काळं कवच उचललं. आत लाल, काळ्या, नारिंगी, करड्या केसाएवढ्या वायरी आणि मधोमध मोटर. मोटरच्या बाजूला एक टोपण होतं. ते का होतं, हे मला कळावं म्हणून मी ते उघडलं. टिंग्! तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली आणि हॉलमध्ये नाहीशी झाली. तिच्याशिवाय मोटर म्हणजे नुसतं लोखंड.

पुढचा अर्धा तास आमच्या हॉलमध्ये कोणीही दोन पायांवर नव्हतं. दर्शना मोबाईलचा टॉर्च घेऊन सोफ्याखाली, मी दिवाणाखाली. "लोहचुंबक आण कॉलेजातून," दर्शना सोफ्याखालून म्हणाली. "शनिवारी लॅब बंद असते," मी दिवाणाखालून म्हणालो. तेवढ्यात सासूबाई उठल्या. ऑपरेशनचा गुडघा लांब करून त्या जमिनीवर बसल्या, म्हणाल्या, "सगली बाजूला व्हा. लाइट नको. डोल्यानं गावायची नाय ती." आणि डोळे मिटून तळहात लादीवर अलगद फिरवायला लागल्या. चाळीस वर्षं सुकटीतनं खडे काढलेले ते हात. एक लादी, दुसरी लादी, तिसरी. पाचव्या लादीवर त्यांची करंगळी थांबली.

"ही काय?"

तीच होती! मी आ वासून बघत राहिलो. माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये एवढं बारीक काही ओळखणारं उपकरण नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी लुगड्याला हात पुसला आणि म्हणाल्या, "तुमी बोलता जास्त. म्हनून हरवतंय तुमचं."

स्प्रिंग बसवली. आणि आता मोटर तरी जिवंत आहे का बघू, म्हणून मी इंजिन उताणं केलं, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी थेट चाकांना लावल्या आणि जोर हवा म्हणून नॉब पूर्ण फिरवला. मोटर किंचाळली. चाकं गरगर फिरली. आणि इंजिनाच्या पोटातून धूर आला.

खरा धूर! बारीक, पांढरा, सरळ वर जाणारा. कोळशाच्या इंजिनातून धूर येताना पाहून आमच्या घरात पहिल्यांदाच कोणाला आनंद झाला नाही. मी वायरी सोडल्या. इंजिन गप्प झालं.

"जळाला," मी म्हणालो. "बाबा, डिकोडर जळाला."

बाबा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मला खूप वाईट वाटलं. गेली तीस वर्षं त्या माणसानं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आता एक शिट्टी मागितली होती, आणि ती मी दोन वायरी लावून जाळली होती. थोड्या वेळानं ते आत आले, फोन उचलला.

"कोणाला करताय?"

"सोनवणेला. सांगतो येऊ नको. एवढ्या लांब आंधळ्या माणसाला बोलावून मी दाखवू काय?"

फोन तसाच हातात ठेवून, इंजिन डब्यात ठेवायला म्हणून त्यांनी ते उचललं. उचललं आणि थांबले. नाकाजवळ नेलं. पुन्हा नेलं.

"मिलिंद. जळालेल्या वायरीचा वास असा येतो का रे?"

"कसा?"

"घे की. नाक आहे ना तुला?"

मी वास घेतला. वास ओळखीचा होता. लहानपणी शाळेत जाताना माझ्या डोक्याला यायचा तोच.

"खोबरेल?" मी म्हणालो.

बाबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि एका चाकावर घासला. रुमालावर काळा, चिकट, मेणासारखा पट्टा उठला. मग दुसरं चाक. मग रूळ. सगळीकडे तोच पट्टा. बाबांनी वळून संपूर्ण घराकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. दर्शना नाही म्हणाली.

सासूबाईंनी मान ताठ केली. "मीच लावतंय! आल्यापासून, रोज सकाली. लोखंड हाय ना त्ये? मागं गोराईची खाडी. खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवलं का म्हैन्याभरात खातंय त्याला. होडीच्या मशीनला आमचे घरी रोज तेल लावाचे. बाबांची एवढी जीव लावलेली वस्तू, तिला मी कोरडी ठेवू?"

आणि एका क्षणात सगळं लख्ख झालं! वीज चाकांतून वर चढते आणि मध्ये खोबरेलाचा थर. या आठवड्यात थंडी पडली, सकाळच्या गारव्यात खोबरेल गोठतं, विजेची वाट अडते. दुपारी ते पातळ होतं, वाट मोकळी. शुक्रवारी पंपानं काही केलं नव्हतं, मी इंजिन हातात धरून ऊब दिली होती! आणि धूर? मोटरीत उतरलेलं तेल तापलं, इतकंच. चोर सोडून मी चार दिवस संन्याशाला फाशी देत होतो. वर अठ्ठेचाळीस घरांना साबणात उभं केलं होतं.

"म्हणजे डिकोडर जिवंत आहे?" दर्शनानं विचारलं.

"मग हाकेला ओ का देत नाही?" मी म्हणालो.

बाबा खुर्चीवर बसले. शर्ट मांडीवर घेतला. आणि पहिल्यांदाच मी त्यांना ड्रायव्हर म्हणून पाहिलं. आवाजच वेगळा. "मिलिंद, उभा राहा. बुधवारपासून काय काय केलंस, क्रमानं सांग. कारण सांगू नको, फक्त काय केलं ते सांग."

मी हात मागे बांधून सांगितलं. आठात आठ लिहिल्यापर्यंत आलो तसा त्यांनी हात वर केला.

"त्यानं काय होतं?"

"कारखान्यातून आल्यासारखा होतो."

"कारखान्यातून आला तेव्हा त्याचा नंबर सत्तेचाळीस होता?"

मी चष्मा लावला. पान त्र्याहत्तर, खालच्या बारीक चार ओळी. वाचल्या. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक डिकोडरचा नंबर तीन असतो.

"तीन," मी म्हणालो.

"म्हणजे चार दिवस पोराला अंघोळ घालायची सोडून तू त्याचं नाव बदललंस, आणि आता जुन्या नावानं हाका मारतोयस. तो बिचारा ओ देईल कशी?"

ज्या माणसाला मी आकृती काढून डिकोडर शिकवला होता, त्यानं दोन वाक्यांत तो मला परत शिकवला. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मला त्यांच्याकडे नुसतं बघत राहावंसं वाटलं.

मग सफाई. बाबांनी स्पिरिट मागवलं, इंजेक्शनच्या आधी लावतात तेच. रूळ त्यांनी पुसले. चाकं मात्र सासूबाईंनी मागून घेतली. "मी केलंय, मीच काढतंय." चाकामागच्या फटीत कापूस जाईना. त्यांनी जाळं विणायचा नायलॉनचा दोरा घेतला, स्पिरिटमध्ये भिजवला, फटीतून ओवला आणि दोन्ही टोकं धरून असा सपासप खेचला की चाक आतून चमकायला लागलं. एकामागून एक सगळी चाकं. बाबा बाजूला बसून बघत होते. एकदाच म्हणाले, "शेडमध्ये असा हात नव्हता हो कोणाचा." सासूबाई लाजल्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

कंट्रोलरवर तीन लावला. इंजिन असं निघालं की फळीवर पाणी ठेवलं असतं तर हिंदकळलं नसतं. कारखान्याच्या हिशोबानं आवाजही पूर्ण मोठा झाला होता. शिट्टी वाजली आणि खालून मेहताभाई ओरडले, "मिलिंदभाई, पंपाला हात नाय लावायचा!"

नंबर पुन्हा सत्तेचाळीस केला. मी नाही, बाबांनी. मी फक्त पान वाचून दाखवलं, चष्मा लावून.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना सोनवणेकाका आले. मुलीनं हात धरून दिवाणावर बसवलं. इस्त्रीच्या शर्टातले बाबा समोर बसले. दोघांनी एकमेकांचे दंड चाचपले. "वाळलास सोनवण्या." "तुम्ही सुटलात उस्ताद." बोलायचं होतं ते दोघांना जमत नव्हतं.

बाबांनी कंट्रोलर उचलला. सत्तेचाळीस निघालं. काकांनी मान तिरकी केली. इंजिन वळणावर आलं तसं बाबांनी शिट्टीचं बटण दाबलं. मला वाटलं होतं एक साधी शिट्टी वाजेल. पण बाबांचा अंगठा बटणावर वेगळाच चालला. दोन आखूड, एक लांब, लांबच लांब, आणि शेवटी हळूच एक बारीकशी.

काका ताडकन उभे राहिले. "वहिनी, भाकरी टाका! आलो आम्ही!"

आणि मला एकदम भुसावळ आठवलं. भुसावळला आमचं क्वार्टर रुळापासून जवळ होतं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. लांबून अशी एक शिट्टी यायची आणि आई हातातलं काम टाकून चुलीकडे जायची. दिवसाला कितीतरी इंजिनं शिट्ट्या मारत जायची, ती फक्त एकीला उठायची. मी हे साफ विसरलो होतो. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबांनी ती शिट्टी आठवणीतून काढून, जपानी की जर्मन कोण जाणे, त्या नखाएवढ्या पट्टीतून जशीच्या तशी वाजवली होती. अक्षरासारखं शिट्टीलाही वळण असतं, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

काका उभेच होते. डोळे वाहत होते. "हात तोच आहे, उस्ताद. तसूभर हलला नाही."

सासूबाई उठल्या आणि लंगडत स्वयंपाकघरात गेल्या. आतून तांदळाचं पीठ मळल्याचा आवाज यायला लागला.

निघताना काकांनी मला जवळ बोलावलं. माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यानं तळवा, बोटं, पेरं, सगळं सावकाश चाचपलं. मला वाटलं आशीर्वाद देतायत. माझे डोळे भरून आले.

"उस्ताद," काका म्हणाले, "पोराचा हात फार मऊ आहे हो."

"माहितीये मला."

"भट्टीजवळ उभा करू नका याला."

"नाही करत. क्लीनर म्हणून घेतो."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : रेल्वेत माणूस आधी क्लीनर लागायचा, म्हणजे फडकं घेऊन इंजिन पुसणारा. त्यातून फायरमन, आणि त्याहून वर ड्रायव्हर. बाबांना पहिली पायरी चढायला सहा वर्षं लागली होती. त्या रविवारपासून मी रीतसर क्लीनर आहे. रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन चाकं पुसतो. साठीत फायरमन होईन, असा मी हिशोब मांडला होता. पण चौकशी केली तेव्हा कळलं की जागा एकच होती आणि ती सासूबाईंना दिली. आता त्या रिटायर होईपर्यंत वाट बघायची, आणि त्यांचा गुडघा तर आता पूर्ण बरा झालाय!